अंथरुणातून बसवलेली कमान

ऑक्टोबरचा शेवट होता, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका जुन्या चर्चच्या खिडकीची कमान आम्ही परत बसवत होतो. सेंटरिंग, म्हणजे कमानीखालचा तात्पुरता लाकडी आधार, लावलेलं, अकरातले सहा दगड बसलेले, दोन्हीकडून तीन-तीन, आणि परांचीवरची फळी माझ्या पायाखालून सटकली. सात-आठ फूटच पडलो पण टाचेचं हाड मोडलं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये डोक्यात एवढंच की कडाक्याची थंडी पडायच्या आत कमान जुळलीच पाहिजे, ओला चुना गोठला की त्याचा नुसता भुगा होतो.

रात्री हॉस्पिटलात विल्यम आठवला. सेन्सचा विल्यम, फ्रेंच कारागीर. 5 सप्टेंबर 1174 ला कँटरबरी कॅथेड्रलचा क्वायर, म्हणजे मठातले साधू जिथं प्रार्थना गातात तो भाग, आगीत गेला. ते उभारायचं काम विल्यमला दिलं. त्यानं बरेच दिवस नुसती पाहणी केली आणि सगळे खांब पाडावे लागणार हे साधूंना लगेच सांगितलंच नाही, आधीच खचलेली माणसं ती. समुद्रापलीकडून दगड आणला, जहाजात चढवा-उतरवायला यंत्रं केली, आणि दगड घडवणाऱ्यांच्या हातात साचे, म्हणजे दगडाचा नेमका आकार दाखवणारे नमुने, दिले. हे सगळं गर्व्हेस नावाच्या तिथल्याच साधूनं लिहून ठेवलंय.

1178 च्या सप्टेंबरात मोठ्या छताच्या कमानींची तयारी चालू असताना पायाखालची लाकडं मोडली आणि तो पन्नास फुटांवरून दगड-लाकडांसकट खाली आला. तरी काम थांबवलं नाही. गवंड्यांवर देखरेख करणाऱ्या एका तरुण साधूकडे काम सोपवलं, मोठमोठ्यांना डावलून, त्यावरून मठात जळफळाट झाला, आणि स्वतः अंथरुणातून आधी काय, मग काय ते सांगत राहिला.

मीही सकाळी तेच केलं. साइटवर वीस-वीस वर्षं काम केलेले दोघं होते, त्यांना सोडून शिकाऊ पोरीला फोन लावला, कारण पत्र्याचे साचे तिनं माझ्याबरोबर कापले होते. जुनेच दगड वापरत होतो, झिजलेले, प्रत्येकाचा साचा वेगळा. दोघांना राग आला, साहजिक आहे.

व्हिडिओवर तिनं आठवा दगड दाखवला. सांधा खाली 5 मिमी, वर जवळजवळ दुप्पट. म्हटलं चुना घालू नकोस, आधी साचा लाव. लावला, बसेना. दगडामागचा पेन्सिलचा आकडा ओला होऊन पुसट झालेला, तो नववा निघाला! अदलाबदल केली आणि संध्याकाळी चार वाजता मधला चावीचा दगड, म्हणजे कमान जुळवणारा शेवटचा दगड, बसला. मी पलंगावर रडलो.

विल्यम काही बरा झाला नाही, काम सोडून फ्रान्सला परत गेला. पुढचं दुसऱ्या विल्यमनं केलं, इंग्लिश होता तो, अंगानं छोटा पण हुशार आणि प्रामाणिक, असं गर्व्हेस लिहितो. 1180 च्या ईस्टरला साधू क्वायरमध्ये परतले.

डिसेंबरात कुबड्या घेऊन कँटरबरीला गेलो. क्वायर आणि इमारतीचे पूर्वेकडचे दोन आडवे हात जिथं मिळतात तिथं, चार खांबांच्या मधोमध, छताचा चावीचा दगड आहे, विल्यमनं अंथरुणातून बसवून घेतलेला. मान दुखेपर्यंत बघत राहिलो. पोरीला फोटो पाठवला.

तिचा मेसेज आला, सांधे किती मिमीचे आहेत?