आमची वाटचाल : डिचोलीचं गॅरेज आणि मास्तरांचं इंजिन

बाबांनी हे गॅरेज स्कूटरी आणि होड्यांच्या मशीनींवर उभं केलं, मॉडेल विमानांची इंजिनं मी आणली. अख्ख्या गोव्यात ती उघडून नीट जोडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आणि त्यात आमचं नाव आहे, हे मी अभिमानाने सांगतो.

पण एकदा हे गॅरेज बंद पडायच्या काठावर आलं होतं. एका गिऱ्हाईकाचं 46 साईजचं (0.46 घन इंची) एबीसी इंजिन आलं, म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि तो ज्यात सरकतो तो लायनर क्रोम चढवलेल्या पितळेचा. दोन-तीन मिनिटं मस्त चालायचं मग पॉवर ढिली, विमानाचं नाक वर केलं की गुदमरायचं. मी थंड असताना प्रोपेलर हाताने फिरवून बघितला, वर पिंच, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचताना लायनरमध्ये लागणारी घट्ट पकड, ढिला लागला, म्हटलं पिस्टन-लायनर गेलं. नवीन सेट मागवला, बसवला, पैसे घेतले. सड्यावर नेऊन उडवलं तर परत तेच! त्याने सगळ्यांना सांगितलं आणि नवीन इंजिनं विकणाऱ्या एका दुकानदाराला तेवढंच हवं होतं, जो येईल त्याला सांगायचा की जुनं इंजिन म्हणजे भंगार, डिचोलीत देऊन पैसे घालवू नका. दीड वर्ष एक इंजिन आलं नाही. बाबांचा लेथ विकायला काढला, ॲडव्हान्सही घेतला होता.

त्याच आठवड्यात मयेचे मास्तर आले, बाबांच्या वेळेपासूनचे. मी म्हटलं, "मास्तर, आता हे काम मी करत नाही." ते म्हणाले, "लेथ नंतर विक, आधी माझं बघ. घाई नाही मला." तक्रार तीच, हुबेहूब.

यावेळी काही न उघडता आधी 11x6 प्रोपेलर लावून टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) धरला, मिनिटाला साडेनऊ हजार फेरे. नवीन ग्लो प्लग (फ्युएल पेटवणारा प्लग) लावला, फरक नाही. फ्युएल कमी-जास्त करणाऱ्या निडलची ओ-रिंग बदलली, बॅकप्लेटचे (इंजिनच्या मागच्या झाकणाचे) स्क्रू बघितले, नाही. इंजिन बंद केल्या केल्या गरम असतानाच फिरवलं तर कॉम्प्रेशन शाबूत, म्हणजे लायनर दोषी नव्हताच. मग टाकी उघडली, क्लंकची (टाकीच्या तळातून फ्युएल ओढणाऱ्या वजनाची) सिलिकॉन नळी काढून एक टोक चिमटीत दाबलं आणि पाण्यात धरून फुंकलं. ती टाकीतल्या पितळी नळीवर बसते त्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढं भोक! टाकी भरलेली असताना ते फ्युएलखाली बुडालेलं असतं, लेव्हल उतरली की हवा ओढते, इंजिन लीन होतं (फ्युएल कमी, हवा जास्त), तापतं आणि पॉवर जाते.

मागची बेअरिंग पण खरखरत होती, या इंजिनांच्या फ्युएलमधलं मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. क्रँककेस (इंजिनचं बाहेरचं घर) हीटगनने तापवून लाकडावर टेकवली की बेअरिंग आपोआप खाली पडते, हातोडा कधी घालू नका. नवीन बसवली, नळी बदलली, टॅकोमीटर सव्वा अकरा हजार. मास्तर काही बोलले नाहीत, फक्त लेथवर हात फिरवला. ॲडव्हान्स मी दुसऱ्याच दिवशी परत दिला.

पहिल्या गिऱ्हाईकाच्या टाकीत पण हेच असणार, हे तेव्हा लक्षात आलं. मी फोन केला, पैसे परत केले, पण त्याने त्या दुकानातून नवीन इंजिन घेतलं होतं. तो परत कधी आला नाही, ते मला अजून टोचतं. आणि तो दुकानदार अजून भंगारच म्हणतो, त्याचाही राग आहेच.

पुढची बारा वर्षं कामं येत राहिली. एक सांगतो, दिवसाच्या शेवटच्या फ्लाइटनंतर फ्युएलची नळी काढून कार्ब (कार्बुरेटर) कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा, मग गंज लागू नये म्हणून दोन थेंब आफ्टर-रन तेल घालून हाताने फिरवा, विशेषतः जूनच्या आधी. एरंडेलवाल्या फ्युएलने पिस्टनवर तपकिरी थर बसला तर सँडपेपर लावू नका, कूलंटमध्ये मंद आचेवर ठेवलं की सुटतो. लोक सँडपेपरने पिंचच घालवतात आणि मग माझ्याकडे येतात.

चवथीच्या आधी मास्तर तेच इंजिन घेऊन आले. आता पुढची बेअरिंग लीक होते आहे, कार्ब खाली तेलकट दिसतो. बेंचवर उघडून ठेवलंय, उद्या टॅकोमीटर धरणार.