जखम सुकवायची की ओली ठेवायची?

‘सिस्टर, जखम आजून सुकनी नही, आन् तुम्ही परत ओली पट्टी लावताय?’ जळगावात ड्रेसिंग करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणारे बहुतेक रावेर-यावलचे केळीवाले, नाहीतर चोपडा-अमळनेरचे कापूसवाले. शुगर जुनी, तळपायाला बधिरपणा, आणि हळद भरून पाय उन्हात धरणं घरी झालेलं असतं. म्हणून ओली पट्टी का, ते सांगते.

नवी कातडी कडेने सरकत मध्यापर्यंत येते, आणि त्या पेशींना सरकायला ओल लागते. वाळून खपली धरली की तिच्याखालून वाट काढण्यात वेळ जातो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या जखमांवर हे दाखवलं: पॉलिथिनच्या पापुद्र्याने झाकलेल्या जखमांवर कातडी उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने आली. मात्र चिघळलेल्या जुन्या जखमेतल्या पाण्यात प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) जास्त असतात, नवं तयार झालेलं ती तोडत राहतात. म्हणून ओल हवी, पाणी साचायला नको. ड्रेसिंगची निवड यावरच ठरते.

ही ओल सांभाळणारी ड्रेसिंग पॉलिमरची असतात, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंची. पॉलिमर म्हटलं की लोकांना प्लास्टिक आठवतं. अहो, आपला कापूसही पॉलिमरच, सेल्युलोजचा! पट्ट्यांमधलं अल्जिनेट समुद्री शेवाळापासून करतात, कायटोसान बहुतेक कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून. (माळकरी आबांना हे मी आधीच सांगते. नंतर कळलं तर ते बरोबर नाही.)

अल्जिनेटची पट्टी हातात लोकरीसारखी लागते. पाझरणाऱ्या खळग्यात ती हलकेच भरायची, ठासायची नाही. तिच्यातलं कॅल्शियम जखमेतल्या सोडियमशी अदलाबदल करतं, तंतू फुगतात आणि त्यांची जेली होते. सलाईन सोडलं की ती अलगद सुटते. वाळून चिकटलेला गॉज (जाळीदार कापडी पट्टी) ओढताना मात्र भरत आलेले लाल दाणेही सोबत निघतात. कोरड्या जखमेवर अल्जिनेट कामाचं नाही, तिथे हायड्रोजेल, ज्यात बहुतेक पाणीच असतं. फार पाझर असेल तर पॉलियुरेथेनचा फोम. हायड्रोकोलॉइड, म्हणजे पाझर शोषून जेलीसारखी होणारी चिकट पट्टी, काढल्यावर खाली पिवळट, वासाचा लगदा दिसतो आणि घरचे ‘पू झाला’ म्हणून घाबरतात. पुष्कळदा ते विरघळलेलं ड्रेसिंगच असतं. आधी धुवायचं, मग जखम बघायची. धुतल्यावरही घाण वास, सूज, लाली असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

केळीच्या पानाचंही विचारतात, आपल्याकडे विचारणारच. मुंबईच्या सायन रुग्णालयात भाजलेल्या जखमांवर त्याचा अभ्यास झालाय. पान गुळगुळीत, चिकटत नाही. पण ते निर्जंतुक केलेलं पान होतं. बागेतून तोडून शुगरच्या पायाला गुंडाळू नका.

आणि महागडी पट्टी लावून त्याच पायावर बाजार फिरलात तर पैसे पाण्यात. खिशात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर मी पट्टी नाही, जखमेवरचा भार काढणारं प्लास्टर किंवा खास चप्पल घ्यायला सांगेन. भार निघाला की जखमेवर साधं ड्रेसिंगही चालून जातं.

एक अपवाद: बोट काळं पडून कोरडं, कडक झालं असेल, तर ते ओलं करायचं नाही. तिथे रक्तच पोचत नसतं. कोरडं झाकून थेट सर्जनकडे जायचं, रक्तवाहिन्या तपासायला.