बुधवारच्या बाजारात मारुतीचा वाटा

मी लिनोकट करतो, म्हणजे लिनोलियमच्या शीटवर चित्र उलटं कोरायचं, रोलरनं शाई लावायची आणि कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासत बसायचं. आमच्याकडे प्रेस नाही, आईचा स्टीलचा डाव आहे. मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात स्टॉल घेतला होता, भाडं 3,500 आणि विकली गेली चार प्रिंट, 150 प्रमाणे 600 रुपये. लोक थांबायचे, फोटो काढायचे, "मस्त आहे हां" म्हणायचे आणि पुढे. मस्त आहे म्हणणारा माणूस घेत नाही हे मला तिथे कळलं.

मग डोकं फिरलं आणि बुधवारी सकाळी नाशिकच्या गोदाघाटावरच्या बाजारात जाऊन बसलो. बारदान टाकलं, त्यावर दुतोंड्या मारुतीची, म्हणजे नदीतल्या ज्या मूर्तीवरून गोदेचा पूर किती चढला ते सांगतात तिची, प्रिंट मांडली, पोस्टकार्ड साइज, गळ्यापर्यंत पुराचं पाणी. शेजारी मिरची-कोथिंबीरवाल्या मावशी. पावतीवाला येऊन गेला तरी आपली बोहनी नाही.

मावशी बराच वेळ बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "दादा, दीडशेला एक कोण घेईल इथं? वाटे लावा. आणि वर काहीतरी घालायचं, आम्ही कोथिंबीर घालतो तसं."

मला आधी जरा लागलं, खोटं कशाला बोला, तीन दिवस बसून कोरलेला ब्लॉक आणि वाटा काय. पण बसून तरी काय करणार होतो, लावले तीन-तीनचे वाटे, शंभरला एक, आणि वर म्हणून बिघडलेल्या प्रिंटच्या पट्ट्या कापल्या, मागे माझ्या नंबरचा शिक्का. त्यातल्या मूठभर मावशींनी मागून घेतल्या आणि कोथिंबिरीच्या जुडीबरोबर पिशवीत सोडायला लागल्या. मी म्हटलं शाई भाजीला लागेल, तर म्हणाल्या धुऊनच खातात हो.

इथे कुणी मस्त आहे म्हणत नाही. "कसं दिलं?" एवढंच. आणि मग मारुतीवरून भांडण! एक आजोबा म्हणे पाणी कमी दाखवलंय, दुसरे म्हणे हे 2016 चं असेल, 2019 ला याच्या कितीतरी वर होतं, त्यांच्यातच जुंपली आणि दोघांनीही एकेक वाटा घेतला. दुपारपर्यंत 14 वाटे गेले. चौदाशे रुपये, त्यात कुणाचं कमिशन नाही. आपले त्र्यंबकचे दादासाहेब फाळके प्रोजेक्टर बैलगाडीत टाकून गावोगाव सिनेमा दाखवायचे म्हणतात, मी तर साधा रिक्षानं आलेलो.

मावशींना एक प्रिंट द्यायला गेलो तर नको म्हणाल्या, मग वजनकाट्याच्या मागे खोचून ठेवली, दिसत राहील म्हणून.

रात्री नऊला फोन. बाई म्हणाल्या, "कोथिंबिरीच्या पिशवीत तुमचा नंबर निघाला. अर्धाच मारुती आहे, बाकीचा कुठे मिळेल?" मागून त्यांच्या मिस्टरांचा आवाज, आमचं दुकान सराफ बाजारात आहे, मोठा करून द्या, पाणी डोक्यावरून गेलेलं पाहिजे, 2019 चं. किती मोठा विचारलं तर म्हणे कॅलेंडरएवढा.

एवढी मोठी शीट घरात नाही, उद्या मेनरोडला जाऊन बघतो. आणि डाव आईनं परत मागितलाय.