हात सोडला की गाडी पळते

आंबे काढताना कलमावरून पडलो आणि मानेत मज्जारज्जूला मार बसला. डॉक्टरांच्या भाषेत सी-सिक्स, मानेतली सहावी पातळी. म्हणजे खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. बोटं मात्र नावाला. आणि गेमचा साधा कंट्रोलर म्हणजे सगळा बोटांचाच कारभार. पडायच्या आधी मी रात्र-रात्र गाड्यांच्या रेस खेळायचो. त्यामुळे "आता टीव्ही बघ की" हा सल्ला काही पचला नाही.

बोटीवर नोकरीला असलेल्या मामेभावाने बाहेरून मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर, म्हणजे अपंगांना वापरता येईल असा कंट्रोलर, आणून दिला. २०१८ साली निघालेली वस्तू. वर तळहाताने दाबता येतील अशी दोन मोठी बटणं आणि मागे हेडफोनची पिन जाते तशा १९ जागा. एकेका जागेत बाहेरून एकेक स्विच जोडायचा. तयार स्विच फार महाग, म्हणून देवगड बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला गाठलं. त्याला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दाबलं की सर्किट पूर्ण झालं पाहिजे एवढं सांगितल्यावर त्याने दोन वायरींना डाग मारून पिन बसवून दिली. झक्क चालली.

खरा घोळ पुढे. बटण ठेवायचं कुठे?

अ‍ॅक्सिलरेटर सतत दाबून धरावा लागतो. आधी तो कोपर वाकवून दाबायची सोय केली, तर थोड्याच वेळात दंड भरून यायचा. आई दारातून बघायची आणि म्हणायची, "रे, हात दुखतलो तुजो." दुखतच होता. माझा हात वाकतो, पण परत सरळ करणारा स्नायू काम करत नाही. हात आपल्या वजनानेच खाली येतो. मग त्या वजनालाच कामाला लावलं. डावा हात फळीवर नुसता टेकला की खालचं बटण दाबलेलं राहतं. हात सोडला की गाडी पळते, उचलला की वेग उतरतो. ब्रेकचं बटण डाव्या पंजाच्या वर, उलटं बांधलेलं. मनगट उचललं की लागतं. उजवीकडे यूएसबी जॉयस्टिक, तिच्या टोकाला स्पंजचा चेंडू, तो तळहाताने ढकलायचा.

फोर्झा होरायझन ५ या गाड्यांच्या गेममध्ये एकट्याने खेळताना गेमचा वेगच कमी करता येतो. माझा भाचा याला चीटिंग म्हणतो. त्याने एकदा बोटं न वापरता वळण घेऊन दाखवावं, मग बोलू.

बाकी कटकटी आहेतच. खाऱ्या हवेत पिना काळ्या पडतात, पावसाळ्यात वेल्क्रोचा गोंद सुटतो, आणि रेस रंगात आली की लाईट जाते. मे महिन्यात वेगळाच त्रास: अशा दुखापतीत घाम नीट येत नाही आणि अंग तापतं, म्हणून मानेवर ओला पंचा. शिवाय बेडसोअर नको म्हणून दर रेसनंतर बाजूला कलून बसायचं, मग जिंकलो असो वा हरलो.

सध्या हँडब्रेकवर अडलोय. डोक्यामागे स्विच लावून बघितला, पण मान मागे टाकली की नेमकं वळणावर छताचे कोने दिसतात. आता खांद्यापाशी बसवून बघणार आहे.