बाबांनी लिंपलेले खांब

आमची फर्म छोटी, जुन्या घरांच्या डागडुजीची. लष्करातला, म्हणजे पुणे कँपातला, हा दुमजली बंगला पहिल्यांदा बाबांकडे आला तो ओलीच्या कामासाठी. पोर्चचे चार गोल खांब पोपडे धरत होते. त्या काळी सिमेंट म्हणजे भक्कम, ही सगळ्यांचीच खात्री. बाबांनी चारही खांब सिमेंटने लिंपून दिले.

तीस वर्षांनी आम्हीच तो बंगला हॉटेलसाठी दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतला आणि पहिलं काम निघालं ते बाबांचं प्लास्टर काढण्याचं. आतली वीट बोटाने खरवडली तरी भुगा होत होती. चुन्याचा गिलावा ओल घेतो तशी सोडतोही. सिमेंट ती आत कोंडतं. पाण्याबरोबर येणारे क्षार विटेतच साचतात, फुलतात आणि वीट पोखरतात. लोणा तो हाच. बाबा समोर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "सगळं काढ. अर्धवट ठेवू नकोस."

ग्रीक-रोमन वळणाची ही शैली इंग्रजांनी आणली. मुंबईचा १८३३ सालचा टाउन हॉल त्याच घराण्यातला. आमच्या बंगल्याला तेच रूप इथल्या गवंड्यांनी वीट-चुन्यात दिलं. त्यांचं कसब मला खांबांवर कळलं. खांब वर निमुळता होत जातो, पण सरळ रेषेत नाही, किंचित फुगीर वळणाने. सिमेंटखाली ते वळणच गेलं होतं. मागच्या भिंतीला टेकलेल्या एका अर्धखांबावर मूळ गिलावा शिल्लक होता, त्यावरून प्लायवूडचा फर्मा कापला.

चुना खड्ड्यात विरवून काही महिने मुरवला. त्यात वाळू आणि सुरखी. विटेच्या या भुकटीमुळे चुना ओलीतही धरतो. वर नीरूचा, म्हणजे बारीक चुन्याच्या लगद्याचा, शेवटचा हात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून थर पातळ द्यायचे, गोणपाटं भिजवून ठेवायची आणि थांबायचं. बँकेचे हप्ते तोवर सुरू झाले होते. तो काळ कठीण गेला.

नकाशावर चौदा खोल्या बसत होत्या, आम्ही नऊच केल्या. मधलं दालन पार्टिशन घालून तोडणं मला पटलं नाही. वरची जमीन सागवानी तुळयांवर आहे, त्यामुळे बाथरूम मागच्या बाजूला नवीन बांधकामात नेली. वायरिंग, लिफ्ट वगैरे नेहमीसारखंच.

बाबांना पहिला खांब पुरा झालेला दाखवता आला. तळव्याने ते बराच वेळ चाचपत राहिले. उरलेले तीन त्यांनी पाहिले नाहीत.

पावसाळ्यात खांबांच्या बुडाशी ओलीचा पट्टा दिसतो आणि पाहुणे काळजीने विचारतात. दिवाळीपर्यंत तो आपोआप सुकतो. मग आम्ही चुन्याची सफेदी करतो. ऑइलपेंट मात्र कुणाला लावू देत नाही.