तुटलेला ‘म’ सापडला

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, की जुन्या वंशावळीच्या प्रोग्रामातून जेडकॉम फाइलने (वंशावळीची माहिती एका प्रोग्रामातून दुसऱ्यात न्यायचा फाइल-प्रकार) माणसं, कुटुंबं, तारखा सगळं नव्या प्रोग्रामात नीट आलं, फक्त टिपांमध्ये मधेच प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन दिसतायत. तीन आठवडे त्यांनीच डोकं खाल्लं. काल रात्री कारण सापडलं!

पहिला संशय अर्थातच एन्कोडिंगवर, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीवर. फाइलच्या हेडरमधला ती पद्धत सांगणारा ‘कॅर’ टॅग पाहिला, तर युटीएफ-८ च, म्हणजे देवनागरीला चालणारी. मग प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल केला, फॉन्ट बदलले. ढिम्म फरक नाही.

शेवटी जेडकॉम फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली, तिथे प्रत्येक बाइट आकड्यांत दिसतो. ‘मावशी’ असायला हवं तिथे ओळीच्या शेवटी ई० ए४ एवढे दोनच बाइट, आणि पुढच्या ओळीत ‘२ कॉन्क’नंतर एई (२ हा ओळीच्या लेव्हलचा आकडा, कॉन्क म्हणजे ‘आधीच्या ओळीला जोडा’ सांगणारा टॅग). देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. ‘म’ म्हणजे ई० ए४ एई. जेडकॉमच्या ५.५.१ आवृत्तीत ओळ २५५ अक्षरांपुढे जाऊ द्यायची नसते, म्हणून लांब टीप कॉन्कने तोडतात. जुन्या प्रोग्रामने अक्षरांऐवजी बाइट मोजले आणि ‘म’च्या पोटातूनच सुरी फिरवली. नवा प्रोग्राम एकेक ओळ सुटी वाचतो, त्याच्या हाती दोन्हीकडे तुकडेच लागतात.

उपाय पायथॉनच्या चार ओळींचा. फाइल मजकूर म्हणून न वाचता बाइट म्हणून वाचायची, आणि ओळबदल, लेव्हलचा आकडा, कॉन्क आणि त्यानंतरची एकच स्पेस पुसायची. ‘कॉन्ट’ टॅगच्या ओळींना हात लावायचा नाही, ती टिपेतली खरीच नवी ओळ असते. पहिल्या फेरीत मी कॉन्कपुढच्या सगळ्या स्पेस पुसल्या, तर शब्द एकमेकांना चिकटले. दुसऱ्या फेरीत मावशी परत आली. ती अख्खी टीप मी मोठ्याने वाचून काढली.

एक कळकळीचं सांगणं: अशी फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. बरेच एडिटर तुटक्या बाइटांच्या जागी तो चौकोनच लिहून टाकतात, मग मूळ अक्षर कायमचं गेलं. माझी एक प्रत अशीच गेली. मूळ एक्स्पोर्ट वेगळा ठेवला होता म्हणून निभावलं.

आता ओळी पुन्हा २५५ वर, पण अक्षरं मोजून, तोडणारी स्क्रिप्ट लिहायची ठरवली होती. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? जेडकॉमच्या २०२१ च्या ७.० आवृत्तीत कॉन्क काढूनच टाकलंय आणि युटीएफ-८ सक्तीचं आहे. शिवाय तारखेखाली ‘फ्रेज’, म्हणजे तारीख आपल्या शब्दांत लिहायचा टॅग, देता येतो, त्यामुळे ‘धाकट्याच्या जन्मानंतर’ अशा माझ्या नोंदी शब्दशः राहतील. सरळ ७.० वरच जाते. सुरुवात आजोळच्या शाखेपासून, ती सगळ्यात लहान आहे.