कपात नूडल्स नव्हे, नूडल्सवर कप

जपानमधल्या योकोहामाला जायचं ठरल्यावर लेकीची एकच अट होती: कपनूडल्स म्युझियम. नूडल्सचं कसलं आलंय संग्रहालय, असं म्हणतच मी तिच्यामागून निघाले. मोठ्यांना तिकीट 500 येन, शाळकरी मुलांना फुकट. स्वतःचा नूडल्सचा कप बनवायचा तर त्याचे वेगळे 500, शिवाय वेळेची चिठ्ठी. ती आल्या आल्या घ्यावी. पीठ मळून चिकन रामेन, म्हणजे कोंबडीच्या चवीच्या सूपातल्या नूडल्स, करायच्या वर्गाला आधी नाव नोंदवावं लागतं. मी नोंदवलं नव्हतं, त्यावरून बोलणी खाल्ली.

आमच्या वेळेला अवकाश होता, म्हणून इन्स्टंट नूडल्सचे जनक मोमोफुकु आंदो यांच्या खोपटाची प्रतिकृती पाहिली. 1958 साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, घरामागच्या असल्याच खोपटात त्यांनी इन्स्टंट रामेन साधलं. बायकोला तेंपुरा, म्हणजे जपानी भजी, तळताना पाहून म्हणे सुचलं: तेलात पडलं की पाणी वाफ होऊन बाहेर पळतं, मागे छिद्रं उरतात, आणि गरम पाणी ओतलं की ते त्याच छिद्रांतून आत शिरतं. भज्यांभोवतीचे बुडबुडे मी आयुष्यभर पाहत आलेय. मला काही सुचलं नाही.

मग कप. हात स्वच्छ करायचे, मार्करने रंगवायचं. लेकीने मांजर काढलं, मी आंब्याची कोयरी, जी लांबून वांग्यासारखी दिसत होती. काउंटरवर खरी गंमत. नूडल्सची वडी कपात टाकायची असं मी धरून चालले होते. तिथे कपच उलटा करून वडीवर बसवतात आणि हँडल आपल्याला फिरवायला देतात. वरून टाकली तर वडी तिरकी पडते. असा कप चढवला की ती मधोमध घट्ट अडकते, खाली पोकळी राहते. 1971 च्या पहिल्या कपनूडल्समागची हीच युक्ती. लेक हँडल सोडेना.

पुढे चारपैकी एक सूप आणि बारापैकी चार जिन्नस. 5,460 प्रकार होतात, असं ते सांगतात. मी मनात हिशेब केला तर 1,980 च्या वर जाईनात! मग लक्षात आलं, एकच जिन्नस पुन्हा घेता येतो. ताबडतोब दोनदा कोळंबी घेतली. शाकाहारी मंडळींना सूप चालणार नाही, रंगवण्यावर समाधान मानावं लागेल.

झाकण बसलं, प्लास्टिक चढलं. कप हवेच्या पिशवीत ठेवून तिच्यात आपणच पंपाने हवा भरायची आणि ती दोरीने गळ्यात अडकवायची. लेक परतीच्या ट्रेनमध्येही तशीच बसली होती. तिचं मांजर अजून कपाटावर आहे. माझी कोयरी त्याच रात्री हॉटेलवर संपली.